शाळेपुढच्या रस्त्यासाठी कोणाचे दार ठोठवावे: वाहतूक सुरक्षा आणि पोलीस-नागरिक समित्यांविषयी नवख्यांसाठी मार्गदर्शन

सोसायटीचे सचिवपद किंवा शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे सदस्यत्व नव्याने अंगावर आले की पहिल्या दोन-तीन बैठकींतच एक वाक्य हमखास ऐकू येते: "आपल्या गेटसमोर गतिरोधक बसवून घ्या." बसवून घ्या म्हणणे सोपे असते. तो कोणाकडून बसवून घ्यायचा, त्याला पैसे कोण देणार, परवानगी कोणाची आणि अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, हे मात्र बैठकीतल्या कोणालाच ठाऊक नसते. मग नगरसेवकाच्या कार्यालयात एक चक्कर होते, पोलीस चौकीत दुसरी होते, दोन्हीकडे "बघतो" असे उत्तर मिळते आणि विषय पुढच्या अपघातापर्यंत मागे पडतो. हा लेख अशा नवख्या मंडळींसाठी आहे. उदाहरणे प्रामुख्याने पुण्याची घेतली आहेत; इतर शहरांत खात्यांची नावे बदलतात, पण कामाची रीत फारशी बदलत नाही.

पहिली पायरी: अधिकार कोणाचा, हे ठरवा

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या दारात उभे राहण्यात. परदेशी मालिकांत महापौर पोलीसप्रमुखाला बोलावून खडसावतो. आपल्याकडे तशी व्यवस्थाच नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे दोन्ही विषय राज्य सूचीत आहेत, म्हणजे पोलीसही राज्य शासनाचे आणि महापालिकाही राज्याच्या कायद्याने चालणारी, पण दोघींपैकी कोणीही दुसऱ्याच्या हाताखाली नाही. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला, तरी त्याने चौकात एक हवालदार उभा राहत नाही. आणि वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना कितीही पटले, तरी त्यांच्याकडे पदपथ बांधायला पैसा नसतो. रस्त्याची रचना, पदपथ, दुभाजक, पट्टे, दिवे, फलकांचे खांब हे महापालिकेचे काम. एकेरी वाहतूक, नो पार्किंग, अवजड वाहनांच्या वेळा, वेगमर्यादेची अंमलबजावणी आणि दंड हे वाहतूक पोलिसांचे काम. वाहनचालक परवाना, स्कूलबसची तपासणी आणि वाहनाची योग्यता हे परिवहन कार्यालयाचे. तुमच्या मागणीत या तिन्हींचे तुकडे मिसळलेले असतात, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी ते सुटे करून घ्यावेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे रस्ता कोणाचा आहे. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. राष्ट्रीय महामार्गाचा भाग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा केंद्राच्या वतीने काम करणारी यंत्रणा, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषद, आणि क्वचित रस्ते विकास महामंडळ किंवा छावणी परिषद, असे मालक निघू शकतात. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात सात महिने पडून होता. रस्ता त्यांच्या ताब्यातलाच नव्हता आणि हे मला कोणी सांगितलेही नव्हते. तेव्हापासून अर्जाच्या आधी मी पथ विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला एकच प्रश्न विचारतो: "हा रस्ता तुमच्या ताब्यात आहे का?" महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांत हा प्रश्न विशेष करून विचारावा, कारण तिथे हस्तांतराचे कागद बऱ्याचदा अर्धवट असतात.

दुसरी पायरी: उपाय मागू नका, अडचण सिद्ध करा

गतिरोधक ही आपल्याकडची सर्वांत लाडकी आणि बऱ्याचदा सर्वांत चुकीची मागणी आहे. रस्त्यांची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांप्रमाणे गतिरोधक हा दुय्यम रस्त्यांसाठीचा उपाय आहे, महामार्गांसाठीचा नव्हे. १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेला नेहमीचा गोलसर गतिरोधक सुमारे १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, जेणेकरून ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला तो त्रासाविना ओलांडता यावा. २०१८ मध्ये ही तत्त्वे सुधारून वेग कमी करण्याच्या इतर उपायांसह नव्याने काढण्यात आली. आपल्या गल्लीत रातोरात उगवणारा डांबराचा उंचवटा या मापांजवळही नसतो. तो दुचाकीवर मागे बसलेल्या आजीची कंबर मोडतो, रुग्णवाहिकेला अडवतो आणि त्यावर पांढरे पट्टे नसले की रात्री स्वतःच अपघाताचे कारण होतो.

म्हणून अर्जात "गतिरोधक बसवावा" असे लिहिण्याऐवजी "सकाळी ६.४५ ते ७.१५ आणि दुपारी १२.१५ ते १२.४५ या वेळांत शाळेची मुले रस्ता ओलांडतात, त्या वेळी वाहने वेग कमी करत नाहीत" असे लिहावे. उपाय कोणता तो अभियंत्याला सुचू द्यावा. तिथे उंचावलेला पादचारी पट्टा योग्य ठरेल, कदाचित दुभाजकात थांबायला जागा करून देणे पुरेल, कदाचित वळणाची त्रिज्या लहान केली की वेग आपोआप उतरेल. पदपथाबाबतही मानक ठाऊक असले की बोलणे सोपे होते: चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मध्येच विजेची पेटी उभी असेल, तर पदपथ कागदावर आहे आणि पायाखाली नाही, असे मोजपट्टी लावून दाखवता येते.

पुरावा गोळा करण्यासाठी महागडे साधन लागत नाही. सलग पाच कामाच्या दिवशी, ठरावीक अर्ध्या तासात, दोन पालकांनी उभे राहून किती मुले ओलांडतात, किती वाहने थांबतात आणि किती थांबत नाहीत याच्या रेघा वहीत ओढाव्यात. रस्त्याची रुंदी, वळणापासूनचे अंतर, दिव्याचा खांब कुठे आहे हे कागदावर हाताने काढावे. दिवसा आणि रात्री काढलेली छायाचित्रे जोडावीत, मात्र त्यांत लहान मुलांचे चेहरे स्पष्ट दिसणार नाहीत याची काळजी घ्यावी. त्या जागी अपघात झाले असतील तर त्यांची नोंद पोलीस ठाण्यात असते. गेल्या ३ कॅलेंडर वर्षांतील अपघातांची संख्या, तारीख आणि ठिकाण एवढीच माहिती मागावी, नावे मागू नयेत. ३ वर्षांचाच कालावधी का, तर राष्ट्रीय महामार्गांसाठीची अपघातप्रवण स्थळाची व्याख्या त्यावरच उभी आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. तुमची गल्ली या व्याख्येत बसणार नाही, आणि बसू नये हीच इच्छा. पण आकडे याच साच्यात मांडले की अधिकारी ते लगेच वाचतात.

तिसरी पायरी: अर्ज, पोच आणि स्थळपाहणी

अर्ज एका पानाचा असावा. वर विषय, मग जागा (रस्त्याचे नाव, जवळची खूण, प्रभाग), मग अडचण, मग जोडलेले पुरावे आणि शेवटी "संयुक्त स्थळपाहणी करावी" ही विनंती. हे शेवटचे वाक्य विसरू नये. अर्ज पथ विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे काढावा, प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना आणि वाहतूक शाखेच्या त्या विभागाच्या पोलीस निरीक्षकांना द्यावी. मुंबईत क्षेत्रीय कार्यालयाऐवजी विभाग कार्यालय असते, ठाण्यात प्रभाग समिती कार्यालय. अर्ज आणि प्रती दिलेल्या तिन्ही कार्यालयांत आवक टेबलावर शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे, हे सरकारी दप्तराचे पहिले व्याकरण आहे.

संयुक्त स्थळपाहणीचा आग्रह एवढ्यासाठी, की अन्यथा फाइल "वाहतूक पोलिसांच्या अभिप्रायासाठी" जाते, तिकडून "रचना महापालिकेने सुचवावी" असा शेरा घेऊन परत येते आणि अशा दोन फेऱ्यांत सहा महिने निघून जातात. अभियंता आणि वाहतूक अधिकारी एकाच वेळी, शाळा सुटण्याच्या वेळेला, रस्त्यावर उभे राहिले की प्रश्न दहा मिनिटांत दोघांनाही दिसतो. त्यावेळी घोळक्याने जाऊ नये. तिघे पुरेत, आणि त्यांतल्या एकाच्या हाती वही असावी. पाहणी संपल्यावर त्याच संध्याकाळी काय ठरले ते चार ओळींत लिहून दोघांनाही पाठवावे. सरकारी इतिवृत्त निघेल तेव्हा निघेल.

शाळेच्या बाबतीत आणखी एक वाट आहे, जी पालकांना सहसा माहीत नसते. महाराष्ट्रात २०११ साली आलेल्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीसोबत पोलीस आणि परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनाही तिच्यात स्थान आहे. बहुतेक शाळांत ही समिती वर्षारंभी कागदावर तयार होऊन तिथेच विसावते. पण तिची रीतसर बैठक घेऊन, इतिवृत्तासह मागणी पाठवली, तर ती एका सोसायटीची तक्रार राहत नाही. नियमांनी स्थापन केलेल्या समितीची शिफारस होते, आणि त्या कागदाचे वजन वेगळे असते.

चौथी पायरी: पैसा कोणत्या डोक्याखाली आहे

अभियंत्याला काम पटले तरी तो पुढचे वाक्य म्हणतो: "तरतूद नाही." हे टाळाटाळीचे वाक्य वाटते, पण बऱ्याचदा खरे असते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्रत्येक खर्चाचे एक शीर्षक असते, ज्याला कार्यालयीन बोलीत डोके किंवा हेड म्हणतात. पट्टे मारणे, फलक लावणे, किरकोळ दुरुस्ती यांसाठी वार्षिक ठेकेदार नेमलेला असतो. अशी कामे नव्या मंजुरीविना होऊ शकतात. पदपथ, दुभाजक, सिग्नल यांसाठी मात्र पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) हा सगळा प्रवास लागतो.

आयुक्त साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करते आणि नव्या आर्थिक वर्षाआधी सर्वसाधारण सभा ते मंजूर करते. म्हणजे एप्रिलमध्ये जागे झालेल्या नागरिकाला एक वर्ष उशीर झालेला असतो. मागणी पावसाळ्यातच सुरू करावी. पुण्यात २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक ही योजना आहे. नागरिकांनी आपल्या भागातील लहान कामे अर्जाद्वारे सुचवायची, क्षेत्रीय कार्यालयाने त्यांची व्यवहार्यता तपासायची आणि प्रभाग समितीच्या शिफारशीने ती अंदाजपत्रकात यायची. एका कामासाठी ५ लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली होती. पदपथाची दुरुस्ती, बसथांबा, दिवे, दिशाफलक अशी कामे तिच्यात चपखल बसतात. या योजनेतली खरी अडचण अर्ज भरण्यात नाही, पाठपुराव्यात आहे, कारण नाकारलेल्या सूचनेचे कारण अर्जदाराला आपणहून कळवले जाईलच असे नाही. मार्चनंतर छापील अंदाजपत्रक उघडून आपले काम त्यात आहे का, हे स्वतः पाहावे.

दुसरा रस्ता नगरसेवकाच्या निधीचा. पुण्यात त्या कामांच्या यादीला 'स यादी' म्हणतात. गल्लीतल्या बाकड्यांपासून नामफलकांपर्यंत बरेच काही या यादीतून होते, म्हणून नगरसेवकाला भेटताना "काहीतरी करा" असे न म्हणता "अमुक काम स यादीत धरता येईल का, अभियंत्यांनी पाहणी केली आहे" असे म्हणावे. तिसरा शब्द 'वर्गीकरण': एका कामासाठी मंजूर झालेला निधी वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणे. तुमच्या पदपथाचे पैसे असे गुपचूप निघून जाऊ शकतात आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, तुमच्या कामाला पैसे येतात तेही कधी कधी याच दाराने.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. वाहतूक दंडाची रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते, महापालिकेच्या नव्हे. "एवढा दंड वसूल करता, मग खड्डे का बुजवत नाही" हा प्रश्न म्हणूनच पथ विभागात विचारून उपयोग नसतो. पे अँड पार्कचे शुल्क मात्र महापालिकेचे.

पाचवी पायरी: विषयपत्रिका वाचायला शिका

मोठे निर्णय, म्हणजे पार्किंग धोरण, पादचारी धोरण, रस्त्याची पुनर्रचना, हे सभागृहात होतात. सर्वसाधारण सभा नागरिकांना प्रेक्षक म्हणून पाहता येते; एकदा अवश्य जाऊन बसावे. ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात ही तरतूद चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आणली आणि महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे ३ पर्यंत प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. आपल्या प्रभाग समितीवर ते कोण आहेत, हे विचारावे. ती जागा कोणाची आहे हे प्रभागातल्या बहुतेकांना ठाऊकच नसते.

सभेची भाषा समजली की अर्धे काम होते. 'तहकूब' म्हणजे विषय पुढच्या सभेत. 'अभिप्रायासाठी प्रशासनाकडे' म्हणजे बहुधा काही महिन्यांसाठी बाजूला. 'दफ्तरी दाखल' म्हणजे विषय संपला. 'उपसूचनेसह मान्य' हे शब्द दिसले तर उपसूचना शब्दशः वाचावी, कारण मूळ प्रस्तावाचे रूप ती पूर्ण पालटू शकते. पुण्याचे पार्किंग धोरण हे याचे बोलके उदाहरण आहे. प्रशासनाने शहरभर, रस्त्यांच्या वर्गवारीप्रमाणे वेगवेगळे शुल्क आणि रात्रीच्या पार्किंगलाही शुल्क असा प्रस्ताव आणला. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेत प्रदीर्घ वादानंतर तो मंजूर झाला खरा, पण रात्रीचे शुल्क वगळून आणि प्रायोगिक तत्त्वावर केवळ ५ रस्त्यांपुरता. त्या ५ रस्त्यांवरही वर्षानुवर्षे काहीच सुरू झाले नाही. म्हणजे वर्तमानपत्रात 'मंजूर' हा शब्द वाचून पेढे वाटू नयेत. मंजुरी, तरतूद, कार्यादेश आणि प्रत्यक्ष काम ही चार वेगळी गावे आहेत.

उलट बाजूचे उदाहरणही पुण्यातच आहे. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे काढली; जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कागदांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या अर्जात या धोरणाचा हवाला द्यावा. महापालिकेला तिचेच शब्द वाचून दाखवणे, हा नागरिकाच्या हातातला बराच धारदार उपाय आहे.

२०२२ पासून राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत काही वर्षे निवडून आलेले सभागृह नव्हते आणि स्थायी समिती, सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळातले ठरावही ठरावच आहेत आणि प्रती मिळतात. "त्या वेळी सभागृह नव्हते" हे जुना निर्णय न दाखवण्याचे कारण होऊ शकत नाही.

सहावी पायरी: वाहतूक पोलिसांचे आदेश आणि हरकती

नो पार्किंग, एकेरी मार्ग, अवजड वाहनांना बंदी हे निर्णय ठरावाने होत नाहीत. वाहतूक शाखेच्या आदेशाने होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याविषयी, ११६ चिन्हे व फलकांविषयी आणि ११७ थांबण्याच्या व पार्किंगच्या जागांविषयी आहे. हीच कलमे वाहतूक उपायुक्तांच्या आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात दिसतात. कलम ११५ खालचा निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळ नसेल तर राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, म्हणून नव्या व्यवस्थेची सुरुवात बहुधा "तात्पुरत्या स्वरूपात" या शब्दांनी होते आणि त्याच आदेशात नागरिकांकडून लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात.

नवखे लोक इथे दोन चुका करतात. एक, आदेश आवडला तर गप्प राहतात. ज्यांची दुकाने त्या रस्त्यावर आहेत ते हरकत नोंदवणारच. निर्णयाच्या बाजूने एकही पत्र आले नाही तर फाइलवर फक्त विरोध दिसतो. दोन, समाजमाध्यमांवर लिहिलेले मत हरकत मानतात. हरकत लेखी, मुदतीत आणि आदेशात दिलेल्या पत्त्यावरच हवी. पदपथावरचे फेरीवाले हा विषय मात्र यात मिसळू नये: २०१४ च्या कायद्याने त्यांच्या जागांचा विचार शहर फेरीवाला समितीने करायचा आहे, आणि त्या प्रक्रियेला वळसा घालून "उद्या उठवा" अशी मागणी केली तर योग्य मागणीही तिच्यासोबत अडकते.

सातवी पायरी: पोलिसांशी कायमचे नाते

एका गतिरोधकापुरते पोलिसांकडे जाणे आणि वर्षभर त्यांच्याशी बोलणे सुरू असणे यांत फरक आहे. महाराष्ट्रात या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास अभिमानाचा आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची सामान्य माणसे आणि बीटवरचा, म्हणजे तो भाग नेमून दिलेला, पोलीस नियमित एकत्र बसू लागले. पाण्यापासून भांडणापर्यंत सगळे विषय तिथे निघत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. भिवंडीत समिती संकटाच्या दिवशी स्थापन झाली नव्हती, हे नव्या सदस्याने ध्यानात घ्यावे; संकट आले तेव्हा माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती.

पुण्यात नावाचा एक घोळ होतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातही नागरिकांच्या मासिक बैठकीला मोहल्ला समिती म्हणतात. तिथे कचरा, पाणी, खड्डे असे विषय येतात आणि ती पोलिसांची बैठक नसते. मुंबईत अशा कामासाठी १९९७ पासून परिसर व्यवस्थापनाचे गट, ज्यांना सगळे एएलएम म्हणून ओळखतात, काम करत आले आहेत. पोलीस ठाण्याच्या पातळीवर शांतता समिती, महिला दक्षता समिती आणि पोलीस मित्र असे वेगवेगळे प्रकार आढळतात. शांतता समितीची बैठक सणांपूर्वी होते आणि तिच्यात मंडळांचे कार्यकर्ते अधिक असतात. रस्त्याच्या प्रश्नासाठी ती जागा फारशी उपयोगाची नाही. पोलीस मित्र होण्यासाठी ठाण्यात अर्ज करावा लागतो आणि चारित्र्याची पडताळणी होते.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. पोलीस मित्राला वाहन अडवण्याचा, कागदपत्रे तपासण्याचा किंवा दंड घेण्याचा कोणताही अधिकार नाही. गणेशोत्सवात गर्दी सांभाळणे, शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणे, बीट अंमलदाराला माहिती देणे, एवढेच त्याचे काम. काही महापालिका वाहतूक पोलिसांच्या मदतीसाठी स्वतःच्या खर्चाने वॉर्डन देतात; दंड करण्याचा अधिकार त्यांनाही नसतो. शिट्टी आणि जाकीट मिळाले की काही उत्साही मंडळी स्वतःला निरीक्षक समजू लागतात, आणि मग सगळ्या समितीवरचाच विश्वास उडतो. असा सदस्य आपल्यात असेल तर त्याला पोलिसांआधी आपणच थांबवावे.

समितीच्या बैठकीत एका वेळी एकच रस्त्याचा विषय न्यावा आणि मागच्या बैठकीत ठरलेले काय झाले, यापासून सुरुवात करावी. आपल्या बीट अंमलदाराचे नाव सोसायटीच्या सूचनाफलकावर असावे. ते दर बदलीनंतर बदलावेही लागते.

गावात असाल तर

गावात वाट थोडी वेगळी आणि काही बाबतींत अधिक सरळ आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून किमान ४ ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. राज्य महामार्गावर गावाचा फाटा असेल, तर ग्रामसभेचा ठराव सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. या समित्यांना बळ मिळाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने, ज्यात राज्यांना रस्ता सुरक्षा धोरण, निधी आणि जिल्हा समित्या यांविषयी निर्देश देण्यात आले होते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समितीही ग्रामसभेतूनच निवडली जाते. बांधावरचे भांडण मिटवणे हे तिचे काम. रस्त्यावरच्या अपघाताचे प्रकरण तिथे मिटवू नये. दुखापतीचा गुन्हा आपसात मिटवला, तर जखमीच्या विमा दाव्याचा आधारच जातो. पोलीस पाटील हा गावातला पहिला दुवा असतो, पण तो ग्रामपंचायतीचा नोकर नसतो. त्याची नेमणूक १९६७ च्या कायद्याने महसूल प्रशासन करते.

काम अडले तर

तीन महिने उलटून उत्तर आले नाही, तर आवाज चढवण्यापूर्वी फाइल पाहावी. २०१८ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हा पातळीवरील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय आहे. त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आवक क्रमांक सांगून आपली फाइल मागावी आणि तिच्या शेवटच्या टिप्पणीची तारीख लिहून घ्यावी. फाइल कुठे थांबली आहे हे कळल्यावर तक्रार करायचीही गरज बऱ्याचदा उरत नाही. त्या टेबलाशी जाऊन विचारले की ती पुढे सरकते.

त्यानेही भागले नाही तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा, म्हणून प्रस्तावना लिहू नये. "का केले नाही" असे विचारू नये. एखाद्या गोष्टीमागचे कारण ही 'माहिती' नव्हे, असे उत्तर येते. "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व टिप्पण्यांच्या आणि पत्रव्यवहाराच्या छायाप्रती" एवढेच मागावे. लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे थेट तक्रार मांडण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, पण तिथे वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारीच घेतल्या जातात. सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्ज या कारणाने परत येतो, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

काम झाल्यानंतरची पाहणी

पट्टे मारून झाल्यावर पहिल्या आठवड्यात जाऊन पाहावे. पादचारी पट्टा पदपथाच्या उताराशी जुळतो का, की थेट दुभाजकाच्या भिंतीवर संपतो? उंचावलेल्या पट्ट्याआधी सूचनाफलक आहे का, आणि तो झाडाच्या फांदीमागे तर नाही? पावसाचे पाणी पट्ट्याच्या वरच्या बाजूला तुंबते का? यांपैकी काही चुकले असेल तर दोषदायित्वाचा कालावधी चालू असेपर्यंत ठेकेदाराला ते विनामूल्य दुरुस्त करावे लागते. हा कालावधी किती, हे कार्यादेशात लिहिलेले असते, त्याची प्रत मागून ठेवावी. त्यानंतर पहिल्या वेळी ज्या पालकांनी रेघा ओढल्या होत्या त्यांनाच त्याच वेळी, त्याच जागी, पुन्हा पाच दिवस उभे करावे आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून अभियंत्यांना व वाहतूक निरीक्षकांना एक पत्र लिहावे. थांबणारी वाहने वाढली असतील तर तसे लिहावे, वाढली नसतील तर तेही लिहावे, आणि पुढची स्थळपाहणी कोणत्या दिवशी ठेवता येईल ते त्याच पत्रात विचारावे.